पंडिता रमाबाईंचा शेवटचा त्याग

त्याग म्हटला कीं घरदार, पैसा, सुखोपभोग सोडणारा मनुष्य आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. पंडिता रमाबाईंनीं हें सारें सोडलें, तें आपण जाणतांच. मी आज बोलणार आहें तो त्यांनीं केलेल्या शब्दांच्या त्यागाविषयीं. मी पडलों शाळामास्तर. शब्द सोडणें किती जड जातें हें मला पुरतें ठाऊक आहे.

बाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें आणि त्या माउलीनें तें मुलीस दिलें. पुढें दुष्काळांत आईबाप व बहीण गेलीं. कंठांत सांठविलेले हजारों श्लोक एवढेंच काय तें धन उरलें. भावाबरोबर पायीं हिंडत त्या कलकत्त्यास पोहोंचल्या, तेव्हां 1878 सालीं तेथील विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वय अवघें वीस! ज्या विद्येनें अन्न दिलें, मान दिला, ती मनुष्याच्या अंगाची कातडीच होऊन बसते.

1883 सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र आपणांस तेव्हां ख्रिस्ती धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त सांपडला तो कित्येक वर्षांनंतर, असें त्यांनीं पुढें प्रांजळपणें लिहून ठेवलें आहे. इतक्या थोर बाईंनीं ही कबुली द्यावी, याचें मला नेहमीं नवल वाटतें.

1896-97 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं आणल्या. केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें तें यांच्याचसाठीं. यांतील बहुतेकींस अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापुढें शास्त्र वाचावें, तर संस्कृतप्रचुर मराठी त्यांच्या डोक्यावरून जाई. तेव्हां पन्नाशीच्या उंबरठ्यावर रमाबाई इब्री आणि ग्रीक भाषा शिकूं लागल्या आणि सबंध बायबलाचें भाषांतर त्यांनीं हातीं घेतलें. खेड्यांतील बाईस जो शब्द समजणार नाहीं, तो कितीहि सुंदर असला तरी नको, हा त्यांचा नेम. भारदस्त शब्द सुचत नसला म्हणजे साधा लिहिणें सोपें आहे. येथें तर तो जिभेवर तयार असे, आणि रोज सकाळीं उठून त्यास परत पाठवावयाचें, असें जवळजवळ अठरा वर्षें! ख्रिस्तानें आपलें वैभव बाजूस ठेवून दासाचें रूप घेतलें, असें पौलानें फिलिप्पैकरांस कळविलें आहे. त्या वचनाचा अर्थ बाईंस लेखणी झिजवितांना उलगडला असावा, असें मला वाटतें. 1921 सालीं एकुलती कन्या मनोरमा वारली, तरी काम थांबलें नाहीं. आश्रमांतील स्त्रियाच खिळे जुळवीत, छापीत. बाई मुद्रितें तपाशीत. 5 एप्रिल 1922 रोजीं त्यांनीं देह ठेवला.

आतां माझें सांगतों. तरुणपणीं या भाषांतराची प्रत हातीं आली, तेव्हां चार पानें चाळून मीं ती मिटली. भाषा ओबडधोबड वाटली; कांहीं ठिकाणीं ती तशी आहेहि. मॅट्रिक झालेल्या मास्तरास त्याहून अधिक कांहीं दिसलें नाहीं. पुढें आई अंथरुणास खिळली. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. मी रोज रात्रीं तिला माझ्या आवडीचें जुनें, डौलदार भाषांतर वाचून दाखवीं, आणि ती डोळे मिटून पडून राही. ती तल्लीन होते, अशी माझी समजूत! एके रात्रीं तें पुस्तक सांपडेना, म्हणून ट्रंकेंतून बाईंची प्रत काढली. हरवलेल्या मेंढराचा दाखला अर्धा झाला असेल, तोंच आईनें डोळे उघडले.

“बाळा, हें आधीं का नाहीं रं वाचलंस?” ती म्हणाली.

शाळेंत उभा जन्म मीं शब्दार्थ सांगण्यांत घालविला होता. मला उत्तर सुचलें नाहीं. मीं तो दाखला पुन्हां पहिल्यापासून वाचावयास घेतला.