अब्बांना मी गप्प केलं

तुळजापुरात आज एवढे तरुण जमलात, म्हणून घरातलीच गोष्ट सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी अगदी लहान होतो. अब्बा मदतीसाठी सास्तूरला गेले. तिथं काय पाहिलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पंचवीसेक वर्षांनी एका रात्री जेवताना सांगायला लागले आणि त्यांना हुंदका फुटला. मी घाबरलो. म्हणालो, “अब्बा, रडू नका ना.” त्यांनी डोळे पुसले. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. आता अब्बा नाहीत.

मी सॉफ्टवेअरवाला, चूक कुठं झाली हे शोधायची सवय. म्हणून वाचत गेलो. आपले अश्रू तीन प्रकारचे असतात. एक, डोळा ओला ठेवणारे. त्यांतलं लायसोझाइम जंतूंना मारतं. दुसरे कांदा किंवा धुरामुळे येणारे. तिसरे भावनेचे. १९८० च्या दशकात अमेरिकेतले विल्यम फ्रे यांना कांद्याच्या अश्रूंपेक्षा भावनेच्या अश्रूंत प्रथिनं जास्त आढळली. त्यावरून ‘रडल्यानं शरीरातलं विष निघून जातं’ असे मेसेज फिरतात. ते सिद्ध झालेलं नाही.

मग रडून हलकं का वाटतं? नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ आड फिंगरहूट्स यांनी अनेक वर्षं हाच अभ्यास केला. रडल्यावर प्रत्येकाला बरं वाटतंच असं नाही. समोरच्यानं धीर दिला तर बरं वाटण्याची शक्यता वाढते. लाज वाटायला लावली तर त्रास वाढू शकतो. म्हणजे औषध नुसत्या अश्रूंत नाही, शेजारी बसलेल्या माणसातही आहे. त्या रात्री तो माणूस मी होतो.

‘मर्द रोते नहीं’ हे आपण शिकलो कुठून? लहानग्या इब्राहिमच्या शेवटच्या क्षणी पैगंबर (स.) यांचे डोळे भरून आले. सोबतच्या सहाबींना नवल वाटलं, तेव्हा त्यांनी त्या अश्रूंना रहमत म्हटलं. हे आपण सगळे ऐकून आहोत, तरी घरात मुलगा रडला की त्याला हसतो.

एवढंच करा. घरात कुणी रडलं तर जवळ बसा, पाणी द्या, ऐका. रडणं दिवसेंदिवस थांबत नसेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

फक्त “रडू नका” म्हणू नका. मी म्हणालो होतो.