साहेब बाहेर गेलेत, उद्या या
(युवकांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही, पोलीसही नाही. इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. आमच्याकडे प्रत्येक प्रोजेक्टला एक तक्ता असतो. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तर पहिला फोन कुणाला, अर्ध्या तासात उत्तर आलं नाही तर दुसरा कुणाला. असे कितीतरी तक्ते मी बनवलेत. पण ज्या रात्री घरच्यांना गरज पडली, त्या रात्री पोलीस ठाण्याचा तक्ता मला माहीत नव्हता.

काही वर्षांपूर्वी माझ्या मामेबहिणीला नवऱ्याने मारहाण करून घराबाहेर काढलं. रात्री नऊच्या सुमारास मी आणि मामू तिला घेऊन ठाण्यात गेलो. दारातल्या शिपायावर मी उगाच आवाज चढवला. आत एक हवालदार बसले होते. ते म्हणाले, "साहेब बंदोबस्तावर गेलेत, उद्या या." मामूंनी माझा हात धरला, "चल बेटा, पोलिसांशी वाद नको." आम्ही परत आलो. सकाळपर्यंत बहिणीने ठरवून टाकलं होतं, तक्रार करायची नाही. ती पुन्हा ठाण्यात गेलीच नाही.

नंतर मी कायदा वाचला आणि स्वतःचीच लाज वाटली. ठाण्याचा प्रभारी अधिकारी हजर नसेल, तर त्याच्या खालोखाल जो हजर असेल आणि शिपायाच्या वरच्या दर्जाचा असेल, तो कायद्याने प्रभारी ठरतो. म्हणजे त्या रात्री ठाण्यात दुसरा कुणी वरिष्ठ नसेल, तर समोर बसलेले हवालदारच 'साहेब' होते. ज्याच्यावर मी ओरडलो, त्या शिपायाच्या हातात मात्र काहीच नव्हतं.

आता तक्ता समजून घेऊ. महाराष्ट्रात सर्वांत खाली पोलीस शिपाई. मग हवालदार, त्यांच्या बाहीवर तीन फिती. मग सहायक उपनिरीक्षक, खांद्यावर एक तारा. उपनिरीक्षक, म्हणजे आपण ज्यांना फौजदार म्हणतो, त्यांचे दोन तारे. सहायक निरीक्षक आणि निरीक्षक दोघांचेही तीन तारे, फरक खांद्यावरच्या फितीत. सर्वसाधारणपणे ठाण्याचा प्रमुख निरीक्षक असतो, लहान ठाण्यांत सहायक निरीक्षकही असतो. काउंटरवर तक्रार घेतो तो ठाणे अंमलदार. ते त्याचं त्या पाळीचं काम, पद नव्हे.

ठाण्याच्या वर दोन रचना आहेत. जिल्ह्यात उपअधीक्षक आणि त्यांच्या वर अधीक्षक. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत सहायक आयुक्त, उपायुक्त आणि सर्वांत वर पोलीस आयुक्त. संपूर्ण राज्याचे प्रमुख पोलीस महासंचालक.

हे पाठ करून काय मिळणार? तर प्रत्येक पायरीला कायद्याने एक जबाबदारी जोडलेली आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ लक्षात ठेवा. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्याने नकार दिला तर तक्रारीचा मजकूर लेखी स्वरूपात टपालाने अधीक्षकांना पाठवता येतो, शहरात परिमंडळाच्या उपायुक्तांना. तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कलम ३० सांगतं की वरच्या अधिकाऱ्याला आपल्या संपूर्ण क्षेत्रात ठाणे प्रमुखाचेच अधिकार असतात. म्हणून 'ते ठाण्याचं काम' असं म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत.

कुणी म्हणेल, कायदा कागदावर असतो, आपल्या वस्तीत वेगळंच चालतं. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत काही पोलिसांनी काय केलं आणि काय केलं नाही, ते न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ च्या अहवालात नोंदलेलं आहे. पण त्याच काळात भिवंडी शांत राहिली. ही तीच भिवंडी, जी १९८४ मध्ये जळाली होती. १९८८ मध्ये तिथे उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि ठाण्यातले पोलीस नियमित एकत्र बसू लागले. हुकूम देणारा माणूस काय ठरवतो, यावर खालच्या शेकडो शिपायांचं वागणं अवलंबून असतं. म्हणून चूक घडली तर फक्त काठी उगारणाऱ्याकडे बोट दाखवून थांबू नका, हुकूम कुणाचा होता तेही विचारा. २००६ च्या प्रकाश सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली ती याचसाठी. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तशी तरतूद केली.

आणि हा तक्ता फक्त बाहेरून बघायचा नाही. त्यात शिरायला दारं आहेत. बारावीनंतर शिपाई भरती, पदवीनंतर एमपीएससीतून उपनिरीक्षक किंवा उपअधीक्षक, यूपीएससीतून आयपीएस. आपल्यातली मुलं-मुली तिकडे वळली, तर काउंटरच्या त्या बाजूलाही आपल्या वस्तीची भाषा समजणारं कुणीतरी बसलेलं असेल.

शेवटी एक काम देतो. या आठवड्यात दिवसाउजेडी, काही तक्रार नसताना, दोघे-तिघे मिळून आपल्या ठाण्यात जा. प्रभारी अधिकारी कोण, आपल्या भागाचे बीट अंमलदार कोण, वरचे उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त कोण, हे नम्रपणे विचारा. नावं आणि फोन नंबर वहीत लिहा आणि घरातल्या बायकांनाही द्या. माझ्या बहिणीला त्या रात्री एवढाच कागद हवा होता.

आता तुमचे प्रश्न घेऊ.