पाहुणा येतो तेव्हा घरी कोण असतं?



पत्रिकेत आजचा विषय 'विद्यापीठातील अभ्यागत प्राध्यापकांचे स्थान' असा छापला आहे. त्याबद्दल मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. ती आधीच सांगतो, म्हणजे मी कुठे निघालो आहे हे तुम्हाला शेवटपर्यंत कळत राहील. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान, साहित्य अशा मानव्यविद्यांच्या विभागात बाहेरचा विद्वान येऊन राहणं, शिकवणं ही फार मोलाची गोष्ट आहे. पण त्या येण्यातून काय उगवेल, हे पाहुण्याच्या कीर्तीपेक्षा तो आला तेव्हा घरात कोण होतं यावर ठरतं. आपल्या विद्यापीठांनी गेली कित्येक वर्षं याच्या नेमकं उलट चालवलं आहे. कायमची माणसं निवृत्त होऊ द्यायची, त्यांच्या जागा भरायच्या नाहीत आणि पाहुण्यांची नावं माहितीपुस्तिकेत छापून विभाग भरलेला दाखवायचा. हे विद्येचं नुकसान आहे, आणि ते भरून यायला एक पिढी पुरणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुरावा म्हणून आधी शांतिनिकेतनला जाऊ. रवींद्रनाथांनी विश्वभारती का काढली, तिच्यामागे कोणती कल्पना होती, ते इथे बसलेल्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. २३ डिसेंबर १९२१ ला विश्वभारतीची रीतसर स्थापना झाली, तेव्हा पॅरिसचे सिल्व्हाँ लेव्ही तिथे हजर होते. ते तिथले पहिले अभ्यागत प्राध्यापक. त्यांच्यामागून प्रागहून मोरिट्झ विंटरनिट्झ आले, नॉर्वेचे स्टेन कोनो आले, इटलीहून कार्लो फोर्मिकी आणि तरुण ज्युसेप्पे तुच्ची आले. पाहुण्यांची सोय व्हावी म्हणून टाटांच्या देणगीतून 'रतनकुठी' उभी राहिली. एवढी नावं इथे जमली, आणि ही संस्था तर पैशासाठी सतत दारोदार फिरत होती.

नावांची यादी इथेच थांबवतो, कारण माझा मुद्दा यादीत नाही. लेव्ही आले तेव्हा त्यांच्यासमोर विधुशेखरशास्त्री भट्टाचार्य बसले होते. काशीच्या परंपरेत तयार झालेले पंडित, संस्कृत आणि पाली दोन्हींत मुरलेले. शेजारी मध्ययुगीन संतवाणी धुंडाळणारे क्षितिमोहन सेन होते. लेव्ही तिबेटी आणि चिनी शिकवू लागले, तेव्हा त्या भाषा नुसत्या कानावरून गेल्या नाहीत. मूळ संस्कृत हरवलेला ग्रंथ तिबेटी भाषांतरावरून पुन्हा कसा उभा करायचा, हे समजून घेण्याची तयारी त्या पंडितांत आधीपासून होती. कोलकात्याहून प्रबोधचंद्र बागची लेव्हींकडे शिकायला आले, त्यांच्याबरोबर नेपाळात हस्तलिखितं पाहायला गेले, पुढे पॅरिसला गेले, आणि भारत-चीन संबंधांच्या अभ्यासाचे एक मोठे जाणकार होऊन परतले. १९५४ मध्ये तेच विश्वभारतीचे कुलगुरू झाले. पाहुणा वर्षभराच्या आत निघून गेला होता. त्यानं लावलेलं रोप घरातल्या माणसांनी तीस वर्षं वाढवलं.

आपल्या पुण्याचा धागाही इथे येऊन मिळतो. महाभारताची चिकित्सक आवृत्ती व्हायला हवी, ही मागणी १८९७ च्या पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत विंटरनिट्झ यांनी मांडली होती. भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये ते काम हाती घेतलं आणि विंटरनिट्झ यांना संपादक मंडळावर घेतलं. त्या प्रकल्पासाठी हस्तलिखितांची पाठतुलना करण्याचं एक केंद्र विश्वभारतीत विधुशेखरशास्त्रींच्या देखरेखीखाली चालत होतं. प्रागचा माणूस, शांतिनिकेतनचं खेडं आणि पुण्याची संस्था एका कामानं बांधली गेली, कारण तिन्ही ठिकाणी त्या कामावर रोज बसणारी माणसं होती.

आता याच घरातली दुसरी हकिगत. फोर्मिकींबरोबर मुसोलिनीनं विश्वभारतीला इटालियन ग्रंथांचा मोठा संग्रह भेट दिला, आणि तुच्चींचा खर्चही इटलीच्या सरकारचाच होता. १९२६ च्या उन्हाळ्यात रवींद्रनाथ इटलीला जाऊन आले. तिथल्या राजवटीचं खरं रूप कळल्यावर त्यांनी इंग्लंडच्या 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये फॅसिझमविरुद्ध पत्र छापलं, आणि तुच्चींना शांतिनिकेतनातून काढून घेण्यात आलं. तुच्चींच्या योग्यतेविषयी वाद नाही. पुढे तिबेटविद्येत त्यांनी केलेलं काम जगानं मानलं. पण ज्याचा पगार दुसऱ्याचं सरकार देतं, तो पाहुणा त्या सरकारच्या एका हुकमासरशी उठून जातो. आज दूतावासांच्या पैशावर अध्यासनं मिळतात तेव्हा आपण हरखून जातो. ती घ्यावीत, पण त्यांच्यावर विभागाचा एखादा मुख्य विषय उभा करू नये.

आतापर्यंत आपण यजमान होतो. आता आपला माणूस पाहुणा होऊन बाहेर गेला तेव्हा काय झालं, ते पाहू. हे थोडं लांबेल, पण ते सविस्तर सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही. धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या सांखवाळचे. बुद्धाच्या शोधात घर सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथे घालून त्यांनी पाली मिळवली. ते १९१० मध्ये हार्वर्डला गेले ते एका अडलेल्या कामासाठी. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केली होती, आणि १८९९ मध्ये ते वारले. काम हार्वर्डच्या चार्ल्स लॅनमन यांच्याकडे आलं, पण या ग्रंथाच्या परंपरेत वाढलेला जाणकार त्यांना हवा होता. कोसंबींना पदवी नव्हती, त्यांच्यापाशी विद्या होती. नीट पाहा, इथे यजमानाला पाहुणा कशासाठी हवा आहे हे नेमकं माहीत होतं. पुढे श्रेयावरून लॅनमन आणि कोसंबी यांच्यात मतभेद झाले आणि कोसंबी १९१२ मध्ये परतले. तरी संबंध तुटला नाही. १९१८ मध्ये ते पुन्हा गेले, आणि त्यानंतरही गेले. लॅनमन १९४१ मध्ये गेले, कोसंबी १९४७ मध्ये सेवाग्रामला गेले, आणि हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत ही आवृत्ती १९५० मध्ये निघाली. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचं आणि सुधारणा करणारे म्हणून कोसंबींचं नाव आहे. तीन माणसं या कामावरून उठून गेली, पन्नास वर्षं लोटली, तरी ग्रंथ निघाला. तिथे ग्रंथमाला होती, निधी होता, ग्रंथालय होतं आणि पुढची माणसं नेमलेली होती. पाहुण्याचे कष्ट वाया गेले नाहीत, त्याचं कारण हे आहे.

इकडे पुण्यात काय झालं तेही पाहा. १९१२ ते १९१८ कोसंबींनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवलं, नेमलेले प्राध्यापक म्हणून. त्या वर्गातून पु. वि. बापट तयार झाले. आपल्याला चिमणरावाचे लेखक म्हणून ठाऊक असलेले चिं. वि. जोशी, जे बडोद्याला पालीचे प्राध्यापक झाले, तेही त्यांच्या शिष्यांपैकी. बापट पुढे हार्वर्डला गेले आणि त्यांनी त्याच 'विसुद्धिमग्गा'ची चिनी भाषेत उरलेल्या 'विमुत्तिमग्गा'शी तुलना केली. त्या तुलनेचा ग्रंथ १९३७ मध्ये पुण्यात छापला गेला. एका माणसानं बाहेरून आणलेली विद्या पुण्यात रुजली, कारण त्याला सहा वर्षं एका खुर्चीवर बसून रोजचे तास घेता आले. आठवडाभराच्या व्याख्यानांतून बापट घडले नसते. पाली, फारसी, मोडी, पुरालेख या गोष्टी कानानं शिकता येत नाहीत. त्या हातानं, चुका करत, दुरुस्त करून घेत शिकाव्या लागतात, आणि ती दुरुस्ती करायला उद्याही तोच माणूस वर्गात असावा लागतो.

आता आजच्याकडे येतो. 'व्हिजिटिंग' हा एक शब्द आपण दोन अगदी वेगळ्या माणसांना लावतो. एक परदेशातून येतो. २०१५ मध्ये केंद्र सरकारनं सुरू केलेल्या 'ग्यान' योजनेत एका-दोन आठवड्यांच्या पाठ्यक्रमासाठी त्याला १२,००० डॉलरपर्यंत मानधन ठरवलं आहे. दुसरा याच जिल्ह्यातला, नेट-सेट झालेला, बहुतेक वेळा पीएच.डी. असलेला. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या, आणि तासावर पैसे. आपण त्याला सीएचबीवाला म्हणतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये अशा अतिथी अध्यापकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये अशी मर्यादा घातली. हाच आयोग २०१८ च्या नियमांत सांगतो की कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त असू नयेत. या सभागृहातल्या किती जणांनी असा मराठीचा किंवा इतिहासाचा विभाग पाहिला आहे, जिथे हे प्रमाण दहाच्या आत आहे? जो दहा-दहा वर्षं त्याच वर्गात शिकवतो त्याला पाहुणा म्हणायचं, आणि जो सात दिवसांत परत जातो त्याच्या नावानं विभागाची प्रतिष्ठा मोजायची. हा शब्दांचा घोळ नुसता भाषेचा नाही. त्यातून अन्याय होतो.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे: 'कायमची माणसं सुस्तावतात, जुन्याच वह्या वाचून दाखवतात, म्हणून बाहेरचा माणूस हवा.' आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळत नाही. विभाग बंदिस्त होतात, आपलेच विद्यार्थी आपल्या खुर्च्यांवर बसवतात, नवी मांडणी दारातून आत येऊ देत नाहीत. नेमका यासाठीच मला पाहुणा हवा आहे. पण सुस्तावलेल्या माणसाला हलवायचं तर तो माणूस तिथे असायला हवा. वाद घालायला दुसरी बाजू लागते. रिकाम्या विभागात पाहुण्याशी वाद घालणार कोण? पाहुणा बोलतो, टाळ्या पडतात, छायाचित्र निघतं. दुसरा आक्षेप पैशाचा आहे. कायम पदाचा खर्च तीस वर्षं चालतो, तासांवरची माणसं स्वस्त पडतात. हिशेब बरोबर आहे, पण तो एका वर्षाचा आहे. हस्तलिखितं वाचता येणारा माणूस घडायला पंधरा वर्षं लागतात, आणि ज्याला पुढच्या जूनमध्ये काम मिळेल की नाही हे ठाऊक नाही तो पंधरा वर्षांचं काम हाती घेणार नाही. तिसरं म्हणणं, आता सगळी व्याख्यानं पडद्यावर ऐकता येतात. येतात, जरूर ऐकावीत. पण लेव्हींचं व्याख्यान पडद्यावर ऐकून बागचींना नेपाळची वाट सापडली नसती.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आहे. डेक्कन कॉलेजचं उदाहरण मी सविस्तर सांगणार होतो, आता दोन वाक्यांत सांगतो. १९५० च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीनं तिथे भाषाविज्ञानाची उन्हाळी आणि हिवाळी सत्रं भरली, अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ येऊन शिकवून गेले, आणि यजमानपदी सुमित्र मंगेश कत्रे आणि त्यांचा भरलेला विभाग होता. पुढच्या दशकात अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे खंड निघू लागले.

या सभागृहात संस्थांच्या नियामक मंडळांवर बसणारे आहेत, माजी विद्यार्थी संघांचे पदाधिकारी आहेत, आई-वडिलांच्या नावानं अध्यासन ठेवू इच्छिणारे सज्जन आहेत. तुम्हाला माझी विनंती आहे. परदेशी प्राध्यापकाला बोलावण्याचा ठराव पुढच्या बैठकीत येईल तेव्हा त्याला आनंदानं मंजुरी द्या, निदान एक सत्र तरी तो इथे राहील अशी अट घाला, आणि ठरावावर सही करण्याआधी एवढं विचारा: तो गेल्यावर हे काम ज्याच्या हाती राहणार, त्या आपल्या विभागातल्या माणसाचं नाव काय, आणि त्याची नेमणूक कायम आहे का?