जन्मघर आणि जून महिना



सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात १८८९ साली एका साध्या घरात एक मुलगा जन्मला. तो चार-पाच वर्षांचा असताना आपल्या वर्ध्याचे शेठ बच्छराज यांनी त्याला नातू म्हणून दत्तक घेतले. हेच जमनालाल बजाज. मुलगा तोच, बुद्धी तीच. बदलले ते घर. सतराव्या वर्षी आजोबांना पत्र लिहून त्यांनी त्या संपत्तीवर पाणी सोडावयाची तयारी दाखविली, हा त्यांचा मोठेपणा खराच. परंतु सोडण्याजोगे काही हाती असणे, हे दत्तकविधानानेच घडले होते.

जी मुले दत्तक जात नाहीत, त्यांचे काय होते? याचे मोजमाप आता झाले आहे. समाजाचे उत्पन्नानुसार पाच सारखे भाग पाडले आणि तळच्या भागातील शंभर मुले घेतली, तर जन्माचा काहीच परिणाम नसता तेव्हा त्यांतील वीस वरच्या भागात पोहोचली असती. राज चेट्टी आदी संशोधकांच्या हिशेबात अमेरिकेत सात-आठच पोहोचतात. डेन्मार्कात सुमारे बारा, कॅनडात तेरा-चौदा. संधीची भूमी म्हणून जिचा लौकिक, तीच मागे! डेन्मार्कात तेथील मुलांना विद्यापीठाची फी नाही, आणि वर दरमहा निर्वाहवेतन मिळते. सारा फरक एवढ्यानेच पडतो असे मी म्हणणार नाही. पण ‘दरमहा’ हा शब्द आपण ध्यानात ठेवावा.

आपल्याकडे बापलेकांच्या उत्पन्नाची अशी नोंद नाही. म्हणून अ‍ॅशर, नोवोसाद आणि रॅफ्किन यांनी त्यांच्या शिक्षणाची तुलना केली. १९९१ नंतर देशाची संपत्ती वाढली, तरी खालच्या घरातील मुलाची वर चढण्याची शक्यता एकंदरीत होती तेथेच राहिली, असे त्यांना आढळले. अनुसूचित जातींची मुले पूर्वीपेक्षा पुढे सरकली. मुसलमानांची मागे पडली.

आता देवळी-आर्वीकडच्या एखाद्या कोरडवाहू घरात चला. मृग लागला की बियाणे, खत, मजुरी. त्याच सुमारास मुलाच्या कॉलेजची फी, शहरातील खोलीचे भाडे, खानावळीचे आगाऊ पैसे. आणि सीतादही होऊन पहिला कापूस घरात येईपर्यंत दिवाळी उजाडते. नोकरदाराच्या घरी एक तारीख दर महिन्याला येते, कापूसवाल्याच्या घरी वर्षातून एकदा. ‘जरा थांबा, पैसे येताहेत’ असे म्हणून कोणतेही प्रवेशाचे वेळापत्रक थांबत नाही. मग मुलगा जवळचा, स्वस्तातला अभ्यासक्रम धरतो; मुलगी असेल तर पुष्कळदा तोही नाही. याला आपण गुणवत्तेचा निकाल म्हणतो!

शिष्यवृत्त्या आहेत, हे मान्य. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. पण वर्ष सरल्यावर हाती आलेली शिष्यवृत्ती सावकाराचे देणे फेडते, प्रवेश मिळवून देत नाही. बाबासाहेबांच्या घरात विद्येची आस होती, वडील लष्करात सुभेदार होते. तरी १९१३ मध्ये न्यूयॉर्कचा खर्च त्या घराला झेपणारा नव्हता. बडोद्याने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले. दरमहा, बरे का!

सरकारने वेळेवर द्यावे, ही मागणी आपण करूच. पण याच गावात १९१४ साली जमनालालजींनी शिक्षा मंडळ उभे केले, तेव्हा ते सरकारसाठी थांबले नव्हते. मला सुचते ते लहानसे आहे. गावाने एक निधी जमवावा, त्यातून जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीपाशीच फी भरावी, आणि शिष्यवृत्ती किंवा कापसाचा पैसा आला की ती रक्कम बिनव्याजी परत घ्यावी. जामीन म्हणून सातबारा मागू नये. ज्यांच्या घरी शेतच नाही, त्या मजुरांच्या मुलांचे अर्ज आधी घ्यावेत.