विद्यापीठाचे भोजनगृह आणि आपली पंगत



ज्ञातीच्या निधीतून विद्यापीठाच्या आवारात आपल्या मुलांसाठी निराळी खाणावळ काढावी, अशी सूचना आपणांपुढे आली आहे. तिचा निर्णय करण्यापूर्वी वाढत्या विद्यापीठाचे भोजनगृह कसे असावे, हे आम्ही थोडक्यात मांडतो.

हिशेब साधा आहे. ६०० विद्यार्थी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तीन पंगतींत जेवावयाचे, तर एका वेळी २०० आसने हवीत. ये-जा धरून आसनास १४ चौरस फूट जागा दिली, तर दालन २,८०० चौरस फुटांचे होते. उद्या विद्यार्थी ९०० झाले, तर पाच पंगती होतील आणि शेवटच्या मुलाचा तास बुडेल. म्हणून दालनाची एक बाजू पुढे वाढविण्याजोगी मोकळी ठेवावी. स्वयंपाकघर, कोठार आणि सांडपाण्याचा निचरा मात्र प्रथमपासूनच ९०० च्या मानाने करावा. भिंत मागाहून सरकविता येते, जमिनीखालचे गटार सरकविणे फार महाग पडते. वाढपाची वाट आणि उष्ट्या ताटांची वाट कधीही एक नसावी.

आता मूळ प्रश्न. शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस उदार आश्रय दिला. खेड्यातील मुलास शहरात अन्न व निवारा मिळणे दुर्घट होते, त्या काळी ती वाट योग्यच होती. परंतु कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहून एका पंगतीस जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. आश्रय देण्यापासून एकत्र बसविण्यापर्यंतचा हा प्रवास आपण उलटा का करावा?

पन्नास मुलांच्या निराळ्या चुलीसही आचारी, वाढपी व कोठार लागतेच. तो भार थोड्यांवर पडून ताट महाग होते. त्याहून मोठी हानि ही की, आपली मुले विद्यापीठात जाऊनही घरच्याच ओसरीवर बसलेली राहतील.

यास्तव आमची विनंती अशी की, निधी सर्वांच्या भोजनगृहास द्यावा आणि त्यातून कोणत्याही गरीब विद्यार्थ्याच्या जेवणास साहाय्य व्हावे, एवढीच अट घालावी. देणगीच्या शिलेवर आपल्या ज्ञातीचे नाव अवश्य असावे. दारावर मात्र ते नसावे.