दोन टाक्यांमधला धागा

 एका संध्याकाळच्या व्याख्यानात सगळं विणकाम काही मावणार नाही, म्हणून मी सुईवर टाके घालण्याबद्दल, म्हणजे फक्त पहिल्या ओळीबद्दल बोलणार आहे.

घरी गेल्यावर टेप घ्या आणि घोट्याच्या वर पायाचा घेर मोजा. मग टाचेच्या टोकापासून पावलाच्या चढावरून तिरका घेर मोजा. पहिला २२ सेंटीमीटर भरला, तर दुसरा साधारण ३० च्या पुढे जातो. मोज्याच्या तोंडाला आधी हा मोठा घेर ओलांडायचा असतो आणि लगेच घोट्यावर नीट बसायचंही असतं. बाळाच्या स्वेटरचा गळाही तसाच. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटीमीटर, मान त्याहून कितीतरी बारीक. विणीला हा ताण जड नसतो, कारण प्रत्येक टाका म्हणजे एक वळसा. ओढला की रुंद होतो. अडतं ते काठाशी. काठ ताणला जात नाही, बाळ रडतं, आणि कुणीतरी रात्री जागून विणलेला स्वेटर कपाटात जाऊन पडतो. असं एकही विणकाम वाया जाऊ नये, असं मला फार वाटतं.

यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच सल्ला दिला जातो: हात सैल ठेव, नाहीतर दोन सुया एकत्र धरून टाके घाल. हा सल्ला मला पटत नाही. आपल्यातल्या अनेकजणी धाग्याचं लांब टोक अंगठ्यावर आणि गुंड्याकडचा धागा तर्जनीवर घेऊन टाके घालतात. यात सुईवरचे फास तर्जनीच्या धाग्याचे असतात आणि तळाशी जी कड तयार होते ती अंगठ्यावरच्या धाग्याची. सुई जाड घेतली की वरचे फास मोठे होतात. पण काठ किती ताणला जाणार हे ठरतं तळाशी, एका टाक्यापासून दुसऱ्या टाक्यापर्यंत किती धागा आहे त्यावर. तेव्हा सुई नेहमीचीच ठेवा आणि टाक्यांमध्ये अंतर सोडा. नवा टाका आवळताना उजवी तर्जनी आधीच्या टाक्याला लागून सुईवर टेकवा, म्हणजे तो टाका बोटापाशीच थांबेल. सुईवर टाके विरळ दिसतील, दिसू द्या. लांब टोक मात्र नेहमीपेक्षा जास्त सोडा.

याच पद्धतीची एक बहीण आहे, जर्मन ट्विस्टेड. मोज्यांसाठी आणि कानटोप्यांसाठी मी हीच सुचवते. सुई अंगठ्यावरच्या दोन्ही धाग्यांच्या खालून न्या, मागच्या धाग्यावरून वळवून अंगठ्याच्या फासात वरून खाली उतरवा आणि आपल्याकडे काढा. आता फासाला पीळ पडलेला दिसेल. तर्जनीवरचा धागा सुईवर घ्या, अंगठा थोडा वाकवून पीळ उलगडा, फासाच्या मोकळ्या झालेल्या जागेतून सुई बाहेर काढा आणि टाका हलकेच आवळा. या जास्तीच्या वळणाने प्रत्येक टाक्याच्या तळाशी थोडा अधिक धागा बसतो. तोच ताणाच्या वेळी कामी येतो.

एक सुलट एक उलट अशा बॉर्डरला ट्यूब्युलर पद्धत सगळ्यांत देखणी. तिला तळाची कडच नसते. धागा सुलट टाक्यावरून थेट उलट टाक्यावर वळतो आणि काठ तयार कपड्यासारखा गोल दिसतो. वेळ जास्त लागतो, आणि सुरुवातीच्या ओळी एक-दोन नंबर बारीक सुईवर विणाव्या लागतात, नाहीतर काठ पसरतो. आपल्याकडच्या नंबरांत बारीक म्हणजे मोठा आकडा: १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, ८ नंबरची ४ मिलिमीटरची.

ताणला जाणं हा अर्धाच गुण आहे. सोडल्यावर काठ परत आला पाहिजे. अंगठ्यावर नुसते फास घेऊन घातलेले टाके सोपे असतात, पण तो काठ लवकर ढिला पडतो. धाग्याचंही तसंच आहे. मेंढीच्या लोकरीला अंगचा कुरळेपणा असतो, म्हणून ती परत आखडते. सुती धागा तितका आखडत नाही. दुकानांत लोकर म्हणून मिळणारे बरेच गुंडे ॲक्रिलिकचे असतात; त्यावर गरम इस्त्री फिरवली तर काठ कायमचा लुळा पडतो. बॉर्डरला इस्त्री लावूच नका, ही माझी कळकळीची विनंती.

पर्सचं तोंड, बटणपट्टी अशा ठिकाणी ताण नकोच असतो. तिथे दोन टाक्यांच्या मधून धागा काढून घालायचे केबल टाके घ्या. ते मजबूत राहतात.

आणि मोजा बोटांकडून विणायला घेतला तर? त्या सुरुवातीसाठी जुडी बेकर यांनी २००६ मध्ये ‘निटी’ या नियतकालिकात एक सुंदर पद्धत मांडली. दोन सुयांवर टाके घालायचे, शिवण कुठेच येत नाही. पण मग मोज्याचं तोंड शेवटी येतं आणि ताणाचा प्रश्न टाके बंद करण्याकडे जातो. २००९ मध्ये जेनी स्टेमन यांनी त्याच नियतकालिकात त्यावरचं उत्तर दिलं: प्रत्येक टाका बंद करण्यापूर्वी सुईवर एक जादा वेढा घ्यायचा आणि टाका विणून तो वेढा त्यावरून उतरवायचा. इथेही टाक्यागणिक थोडा धागा वाढवलेलाच आहे.

पुढच्या रांगेत सुया घेऊन बसलेल्यांनी आता २४-२४ टाक्यांचे दोन नमुने घालावेत, एक नेहमीचा आणि एक जर्मन. बॉर्डरच्या १० ओळी झाल्या की पट्टीशेजारी धरून ताणू या आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहू या.