शोकाकुलांचे सांत्वन



नोव्हेंबरच्या दोन तारखेस सायंकाळी वसईच्या, मुंबईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या कॅथलिक दफनभूमीवरून आपण गेलात, तर कबरी झाडूनपुसून स्वच्छ केलेल्या, त्यांवर फुले वाहिलेली आणि मेणबत्त्या तेवत असलेल्या आपणांस दिसतील. तो दिवस सर्व मृत भाविकांच्या स्मरणाचा. पुष्कळ कबरींजवळ माणसे डोळे पुसताना दिसतात. हा देखावा पाहून एखादा परधर्मीय मित्र सहज विचारतो, "तुमच्या धर्मात तर पुनरुत्थानाचे आश्वासन आहे, मग हे रडणे कशासाठी?" त्याचा प्रश्न निर्मळ जिज्ञासेचा असतो आणि त्यात वावगे काही नाही. परंतु हाच प्रश्न ख्रिस्ती माणसे एकमेकांना विचारू लागली, म्हणजे त्यास निराळे रूप येते. ज्याच्या घरातून कालच शवपेटी निघाली, त्यास "तुझा विश्वास कोठे गेला?" असे विचारणे ही जिज्ञासा नव्हे, ते दुःखावर आणखी एक ओझे ठेवणे होय. मृत्यूचे दुःख आहेच. त्यात आपण श्रद्धेत कमी पडलो ही लाज मिळाली, तर त्या माणसाने जावे कोणाकडे?

शोकगृहात ऐकू येणारी काही वाक्ये आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. लहान मूल गेले, तर देवाला सुंदर फुले आवडतात म्हणून त्याने ते खुडून नेले, असे त्याच्या आईला सांगतात. सांगणाराचा हेतू चांगला असतो, याविषयी मला शंका नाही. परंतु हे वाक्य पवित्र शास्त्रात कोठेही नाही, आणि ते नाही हे आपले भाग्यच समजले पाहिजे. ज्याला बाग सजविण्यासाठी आईच्या मांडीवरचे मूल लागते, अशा देवाजवळ ती आई उद्या प्रार्थनेला कोणत्या तोंडाने बसेल? सांत्वनाच्या ओघात आपण देवाविषयी काय बोलून जातो, याचा विचार आपण फार कमी करतो.

या बाबतीत बेथानी गावची हकीकत वारंवार वाचण्यासारखी आहे. बेथानी हे यरुशलेमेपासून जेमतेम कोसभर अंतरावरचे खेडे. तेथे मार्था, मरीया व त्यांचा भाऊ लाजर यांचे घर होते, आणि प्रभू येशूचा त्या घराशी घरोबा होता. लाजर आजारी पडल्याचा निरोप गेला. पण येशू तेथे पोचला तेव्हा त्यास कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात ही कथा आली आहे. तीत एक बारकावा असा आहे, की दोघी बहिणी निरनिराळ्या वेळी त्यास भेटतात आणि दोघींच्या तोंडून एकच उद्गार निघतो. आपण येथे असता, तर आमचा भाऊ गेला नसता, असा त्याचा आशय. त्यात विश्वास आहे, तशीच तक्रारही आहे. येशू त्या तक्रारीबद्दल कोणासही बोल लावीत नाही. मात्र दोघींना तो एकच उत्तर देत नाही. मार्था बोलकी, प्रश्न विचारणारी. तिच्याशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो, ती केवळ शेवटल्या दिवसाची गोष्ट नसून तिचा उगम आपल्याच ठायी आहे, असे सांगतो. मरीया पायांशी कोसळून पडते, तेव्हा तिला तो कसलाही सिद्धान्त सांगत नाही. तिचे रडणे पाहून तो व्याकूळ होतो आणि त्याच्याही डोळ्यांतून अश्रू वाहू लागतात.

थोड्याच वेळात आपण लाजरास हाक मारणार आणि तो बाहेर येणार, हे त्यास ठाऊक होते. ज्याला पुढचे सर्व माहीत होते तोच रडला, ही गोष्ट ध्यानात घेतली, म्हणजे आशा असेल तेथे अश्रू नसावेत, या म्हणण्यात काही जीव उरत नाही. मार्थेचे उत्तर मरीयेला आणि मरीयेचे मार्थेला दिले असते तर काय झाले असते, हा विचार सांत्वनाला जाणाऱ्याने दारात चपला काढतानाच करावा. आणखी एक गोष्ट. कबरेवरची धोंड काढण्याचे व लाजराच्या अंगावरच्या पट्ट्या सोडण्याचे काम येशूने जमलेल्या माणसांकडून करविले. शेजाऱ्यांच्या हातांना त्याने रिकामे ठेवले नाही.

शेजाऱ्यांवरून ईयोबाचे मित्र आठवतात. त्यांची अपकीर्ती सर्वश्रुत आहे. तथापि त्यांना न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे, की मित्राची दशा पाहून ते त्याच्याजवळ भुईवर सात दिवस व सात रात्री एक शब्दही न बोलता बसून राहिले. त्या आठवड्याइतके उत्तम सांत्वन त्या ग्रंथात दुसऱ्या कोणी केलेले नाही. आठव्या दिवशी त्यांना वक्तृत्व सुचले आणि सारे बिघडले.

आता प्रेषित पौलाकडे वळू. थेस्सलनीका येथील मंडळीस त्याने सन ५० च्या सुमारास पत्र लिहिले. त्या नव्या मंडळीतील काही माणसे मरण पावली होती. प्रभू परत येण्यापूर्वीच ही गेली, तेव्हा त्यांचे काय होणार, ती कायमची अंतरली की काय, अशी चिंता मागे राहिलेल्यांना लागली होती. पौल त्यांना धीर देतो. परंतु शोक करूच नका अशी आज्ञा तो देत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नये, असे तो म्हणतो. शाळेत व्याकरण शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाचे लक्ष अशा ठिकाणी चटकन जाते. या वाक्यातील 'सारखा' हा शब्द गाळला, तर अर्थाचा अनर्थ होतो, आणि कित्येक प्रवचनांत तो गाळलेला मी ऐकला आहे. ख्रिस्ती मनुष्याचा शोक इतरांहून कमी खोल असतो असे नाही. त्या शोकाच्या तळाशी काहीतरी आहे, इतकाच भेद.

व्याकरणाचाच आणखी एक दाखला देतो. पती निवर्तल्यानंतर एखादी बाई बोलण्याच्या भरात म्हणते, "ह्यांना चहा कडक लागतो." लगेच जीभ चावते आणि 'लागायचा' अशी दुरुस्ती करते. ऐकणारे खाली पाहतात. त्या एका क्रियापदाच्या काळात सारा वियोग सामावलेला असतो. मार्काच्या शुभवर्तमानात येशूचा सदूकी पंडितांशी झालेला वाद आहे. सदूकी पुनरुत्थान मानीत नसत. त्यांना उत्तर देताना येशू मोशेच्या जळत्या झुडपाची आठवण देतो. अब्राहाम, इसहाक व याकोब यांना जाऊन शतके लोटली होती, तरीही देव मोशेला आपली ओळख देताना मी त्यांचा देव होतो असे म्हणत नाही. आहे असे म्हणतो. येशूचा सारा युक्तिवाद या वर्तमानकाळावर उभा आहे. ज्यांना आपण भूतकाळात घातले, ते देवाच्या लेखी अद्याप वर्तमानकाळात आहेत. म्हणून त्या बाईने क्रियापद दुरुस्त केले नाही तरी चालेल, असे मला वाटते.

यानंतर एका विशेष दुःखाविषयी बोलणे अवश्य आहे. सन २०२० व २०२१ या दोन वर्षांत, करोनाच्या साथीत, असंख्य घरांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही घडले नाही. रुग्णालयाच्या दारातून आत गेलेला मनुष्य पुन्हा दृष्टीस पडला नाही; हात हातात घेता आला नाही; अंघोळ घालणे, नवे वस्त्र नेसवणे, मंडळीत उपासना होणे, मूठभर माती टाकणे, यांतले काहीच झाले नाही. काही ख्रिस्ती कुटुंबांना परंपरा दफनाची असताना दहन करावे लागले, आणि तेही एक शल्य होऊन राहिले. वस्तुतः कॅथलिक धर्मसंस्थेने १९६३ सालापासून दहनास मुभा दिलेली आहे. मातीतून माणूस घडविणाऱ्या ईश्वरास राखेचे भय वाटण्याचे कारण नाही. परंतु मनाची समजूत नियमांनी पटत नाही. आपल्या माणसाचे शेवटचे करावयाचे राहिले, ही रुखरुख वर्षे लोटली तरी अनेकांच्या मनातून गेलेली नाही.

अशा घरांसाठी शुभवर्तमानात एक प्रसंग आहे, आणि तो सांत्वनाच्या प्रवचनांत क्वचितच येतो. येशूचा मृत्यू शुक्रवारी दुपारी झाला. सूर्यास्ताबरोबर शब्बाथ लागणार, मग कोणतेही काम करता येणार नाही, म्हणून त्याचे दफन अत्यंत घाईने उरकावे लागले. गालीलाहून बरोबर आलेल्या स्त्रियांनी कबर कोठे आहे एवढे पाहून ठेवले. त्यांच्या मनासारखे सोपस्कार झालेच नव्हते. शनिवारचा संपूर्ण दिवस त्यांनी त्या अपुरेपणासह काढला, आणि रविवारी पहाटे राहिलेले कर्तव्य करण्यासाठी सुगंधी द्रव्ये घेऊन त्या निघाल्या. वाटेत त्यांना विवंचना कसली, तर तोंडावरची धोंड कोण लोटील याची. पुनरुत्थानाची वार्ता जगात सर्वांआधी ज्यांना कळली, त्या ह्याच. अंत्यविधी पुरता करता न आलेल्या. त्यांच्या हातातली ती द्रव्ये वापरण्याचा प्रसंगच आला नाही. ज्यांच्या हातून काही करावयाचे राहून गेले आहे, त्यांनी त्या शनिवारचे चिंतन करावे. त्या दिवसाविषयी शुभवर्तमानकार जवळजवळ मौन पाळतात. कित्येक घरांत तो शनिवार वर्षानुवर्षे चालू असतो.

मरीया मग्दालियेची गोष्टही त्याच पहाटेची. डोळे अश्रूंनी भरलेले असल्यामुळे म्हणा, समोर उभ्या असलेल्या प्रभूस ती माळी समजली. पटवून देण्याने तिला ओळख पटली नाही. त्याने तिला तिच्या नावाने हाक मारली, तेव्हा पटली.

आपल्या महाराष्ट्रातील दोन स्त्रियांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय मला पुढे नेववत नाही. पंडिता रमाबाईंनी मृत्यू जितका जवळून पाहिला, तितका फार थोड्यांनी पाहिला असेल. दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच अवधीत गेली. अनवाणी देश पालथा घालताना सोबत असलेला भाऊ श्रीनिवास १८८० साली वारला. त्याच वर्षी विवाह झाला, आणि १८८२ साली पतीही पटकीने गेले. तेव्हा कन्या मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. पुढे हीच मनोरमा केडगावच्या कार्यात आईचा उजवा हात बनली, आणि जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तीही आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर ५ एप्रिल १९२२ पर्यंत होत्या. त्या अखेरच्या काळात त्यांच्यासमोर इब्री व ग्रीक भाषांवरून स्वतः केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम होते. ते भाषांतर त्यांच्या पश्चात १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुलगी का गेली याचा उलगडा त्यांना झाला होता की नाही, हे आपण ठरवू नये. साध्या बायाबापड्यांना वाचता येईल अशा मराठीत ते शब्द उतरविण्याचे काम मात्र त्यांनी सोडले नाही.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी निवर्तले. ख्रिस्तचरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे त्यांचे ओवीबद्ध काव्य प्रारंभीच्या काही अध्यायांवरच थांबले होते. लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते; अक्षरओळख झाली ती पतीकडून, घरातच. त्यांनी ते अपुरे काव्य हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय स्वतः रचून ते तडीस नेले. त्यांचा मृत्यू १९३६ सालचा. ग्रंथ १९३८ मध्ये निघाला. गेलेल्या माणसाशी बोलणे चालू ठेवण्याची ही एक रीत. सर्वांनाच काव्य साधेल असे नाही. पण गेलेल्याने लावलेले झाड, त्याने शिकवीत आणलेला एखादा गरीब विद्यार्थी, त्याचा अबोला असलेला भाऊ, असे काहीतरी अपुरे प्रत्येक घरी असतेच.

अखेरीस शेजाऱ्यांसाठी थोडेसे. आपल्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारून पिठलेभात येतो, ही फार शहाणी चाल आहे. तिच्यात जातधर्म आड येऊ देऊ नये. परंतु पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते. कॅथलिकांत सातव्या दिवसाची व महिन्याची मिस्सा असते, प्रॉटेस्टंटांत स्मरणाची उपासना होते, आणि मग पाहुणे आपापल्या गावी परततात. खरा एकांत त्यानंतर सुरू होतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या महिन्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी, काही निमित्त नसताना, त्या घरी जावे. गेलेल्याचे नाव घ्यावे. ते टाळू नये. नाव निघताच घरच्यांच्या डोळ्यांत पाणी आले, तर आपण चूक केली असे समजून विषय बदलू नये. चहा आला तर घ्यावा, आणि लवकर उठू नये.